बाइकचं इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल : कधी बदलायचं, कसं ठरवायचं, कसं बदलायचं

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, असं चार जणांना विचारलं तर कोणी दोन हजार सांगतो, कोणी पाच, कोणी थेट दहा. आपापल्या गाडीपुरते हे सगळे बरोबरही असू शकतात. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या : आपल्या गाडीत तेलाच्या जागा किती आहेत, आणि आपली गाडी दिवसभर चालते कशी.

आधी मोजा, तेलाच्या जागा किती

सध्याच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांना एकच तेल पुरतं. भरायचं झाकण एक, खालचा ड्रेन बोल्टही सहसा एकच. अशा गाडीला वेगळं गिअर ऑइल नसतं. ‘इंजिन ऑइल बदललं, आता गिअर ऑइल पण टाकून द्या’ असं कोणी म्हणालं, तर ते नेमकं कुठे टाकणार एवढं विचारून बघा.

पण अपवाद बरेच आहेत, आणि घोळ तिथेच होतो. दोन-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर जळणारं टू-टी ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्स-क्लचचं तेल वेगळं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये इंजिनाचं तेल, प्रायमरी चेनकेसचं (इंजिनाकडून क्लचकडे ताकद नेणाऱ्या चेनच्या डब्याचं) तेल आणि गिअरबॉक्सचं वंगण अशा तीन स्वतंत्र जागा असतात. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या ट्विन (दोन सिलिंडरच्या) गाड्यांतही इंजिन, प्रायमरी आणि ट्रान्समिशन (म्हणजे गिअरबॉक्स) हे तीन कप्पे वेगळे; त्याच कंपनीच्या जुन्या स्पोर्टस्टरमध्ये मात्र प्रायमरी आणि ट्रान्समिशन एकाच तेलावर चालतात. ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेला, क्लच असलेल्या जुन्या बीएमडब्ल्यू बॉक्सर आणि मोटो गुझीमध्ये गिअरबॉक्स वेगळा, आणि चेनऐवजी शाफ्ट असल्यामुळे मागच्या चाकापाशी फायनल ड्राइव्हचं तेल आणखी वेगळं. होंडाच्या काही जुन्या सीआरएफ मोटोक्रॉस गाड्यांमध्येही इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी दोन कप्पे होते. गिअरलेस स्कूटरमध्ये बेल्टच्या मागे, चाकाच्या आसाजवळ एक छोटी गिअरपेटी असते. तिच्यात जेमतेम शंभर-दोनशे मिली तेल मावतं आणि ते सगळ्यात जास्त विसरलं जातं.

मॅन्युअलमधलं तांत्रिक तपशिलाचं पान उघडा. तेलाच्या क्षमतेच्या जितक्या वेगवेगळ्या नोंदी, तितके कप्पे. इथे एक फसवी जागा आहे. एकाच इंजिन ऑइलसाठी कधीकधी तीन आकडे दिलेले असतात : नुसतं तेल बदलताना, फिल्टरसकट बदलताना आणि इंजिन पूर्ण खोलून बांधल्यावर. तिसरा आकडा सगळ्यात मोठा असतो, आणि घाईत तोच वाचून तेल जास्त भरलं जातं.

आकडा येतो कुठून

मोटरसायकलचं तेल कारच्या तेलापेक्षा लवकर थकतं, कारण त्याला एकाच वेळी तीन ठिकाणी राबावं लागतं. इंजिनात ते तापतं, काजळी आणि न जळलेलं थोडं पेट्रोल पोटात घेतं. क्लचमध्ये प्लेटांची झीज त्यात मिसळते. आणि गिअरबॉक्समध्ये त्याचा खरा छळ होतो. मल्टिग्रेड तेल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर मिसळलेले असतात. गिअरचे दाते ते अक्षरशः तोडतात. त्यामुळे ४० ग्रेडचं (ग्रेड म्हणजे दाटपणाचा आकडा) तेल काही हजार किलोमीटरनंतर प्रत्यक्षात ३० सारखं वागू लागतं. गिअर टाकताना पूर्वी नसलेली खटखट आली, न्यूट्रल सापडेना, मधेच गिअर सुटू लागला, तर बऱ्याचदा हेच कारण असतं. माझ्या मते रंगापेक्षा ही खूण कितीतरी विश्वासाची आहे.

रंगावर जाऊ नका. चांगल्या तेलातले डिटर्जंट काजळी स्वतःत धरून ठेवतात, म्हणून ते पाचशे-हजार किलोमीटरमध्येच काळपट दिसू लागतं. त्याने काम चोख केल्याचं ते लक्षण आहे. उलट दुधाळ, चहासारखं दिसणारं तेल मात्र नेहमी काळजीचं, त्याबद्दल पुढे.

आता ढोबळ आकडे. नवीन गाडीचं पहिलं तेल ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत बदलायला सांगतात (काही मोठ्या क्रूझरना १,६०० पर्यंत मुभा असते). पिस्टन रिंग आणि गिअर एकमेकांत बसताना निघालेला धातूचा बारीक कीस आणि जोडणीच्या वेळचा गॅस्केट सीलंट त्या तेलात उतरलेला असतो. ही पहिली सर्व्हिस कधीही लांबवू नये. पुढच्या सगळ्या सर्व्हिसमध्ये एकवेळ थोडी ढिलाई चालेल, इथे नाही.

त्यानंतर १०० ते १५० सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांसाठी कंपन्या साधारण ३,००० ते ६,००० किलोमीटर सांगतात. या इंजिनात तेल मुळातच लिटरभर. काहींत कागदी फिल्टर नसतो, नुसती जाळी आणि गरागरा फिरून घाण कडेला फेकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो. लिक्विड कूल्ड, मध्यम आणि मोठ्या गाड्यांना ६,००० ते १०,००० चालतात, काहींना १२,००० सुद्धा. फिल्टरच नसलेल्या किंवा नुसत्या जाळीवर भागवणाऱ्या जुन्या गाड्यांना दोन-तीन हजारांच्या पुढे नेऊ नये.

वेगळ्या गिअरबॉक्सचं तेल जास्त टिकतं, कारण तिथे जळणारं पेट्रोल नाही आणि काजळीही नाही. हार्लेच्या मोठ्या गाड्यांचं वेळापत्रक याचं छान उदाहरण आहे : इंजिनाचं तेल ८,००० किलोमीटरला, प्रायमरीचं १६,००० ला आणि ट्रान्समिशनचं ३२,००० ला. एकच गाडी, तीन कप्पे, आणि प्रत्येक पुढचा आकडा दुप्पट. स्कूटरच्या गिअरपेटीचं तेल दहा हजारांच्या आसपास किंवा दोन वर्षांनी बदललं की पुरतं. दोन-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये क्लचही त्याच तेलात असतो, त्यामुळे त्याला इतकी लांब मुदत देऊ नका. मोटोक्रॉस आणि एन्ड्युरो गाड्यांत किलोमीटर मोजतच नाहीत. तिथे हिशेब तासांचा असतो आणि शर्यतीत चालणाऱ्या गाडीचं तेल काही मोजक्या तासांत बदललं जातं.

खरा हिशेब तासांचा

तो तासांचा विचार रोजच्या गाडीलाही लावून पाहावा. दोन जणांच्या गाड्या सारख्या, दोघांचेही ५,००० किलोमीटर झालेत. एक मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने गेला. त्याचं इंजिन १०० तास चाललं. दुसरा सिग्नल आणि गर्दीतून २० च्या सरासरीने गेला. त्याचं इंजिन २५० तास चाललं. वर त्याचा क्लच शेकडो वेळा जास्त दाबला गेला आणि वारा न लागल्यामुळे तेल अधिक तापलं. मीटरवर दोघे सारखे दिसत असले तरी दुसऱ्याचं तेल कधीच थकून गेलेलं असतं.

मी वापरतो तो ठोकताळा असा. मॅन्युअलमधला आकडा ताशी ४० च्या सरासरीसाठी आहे असं धरायचं. आकडा ६,००० असेल तर तेलाचं आयुष्य झालं १५० तास. आता तुमची सरासरी काढा. मीटरवर दिसत असेल तर उत्तमच, नाहीतर एखाद्या आठवड्यात गाडी एकूण किती वेळ चालली आणि किती किलोमीटर झाले ते पाहा. सरासरी २० निघाली तर १५० तासांत ३,००० किलोमीटरच होतात; तोच तुमचा आकडा. मॅन्युअलमध्ये ‘खडतर वापरा’साठी वेगळा रकाना असेल तर तोही बहुधा निम्म्याच्या जवळपास असतो. सरासरी ६० निघाली म्हणून मात्र ९,००० पर्यंत ताणू नका. कंपनीचा आकडा ही वरची मर्यादा. त्यातून कमी करायचं, वाढवायचं नाही. वॉरंटी चालू असेल तर त्याला पर्यायच नाही.

धुळीच्या रस्त्यांवर वापर असेल, रोज दोघं बसत असतील, घाट चढायचे असतील, तरीही आकडा खाली आणायचा.

अगदी छोट्या फेऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही भाग रिंगांमधून खाली तेलात उतरतो. गाडी वीस-तीस मिनिटं चालली की तेल पुरेसं तापतं आणि ते पाणी उडून जातं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल कधी तापतच नाही, पाणी आणि पेट्रोल साचत राहतं, त्यातून आम्लं तयार होतात. म्हणून वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचंही तेल वर्षातून एकदा बदलायचंच. गाडी काही महिने उभी राहणार असेल तर उभी करण्याआधी बदला. परत काढताना बदललं, तर मधले सगळे महिने बेअरिंगं त्या आम्लातच बसलेली असतात.

या सगळ्यापेक्षा एक साधी सवय इंजिन जास्त वाचवते : दर पाचशे किलोमीटरला पातळी बघणं. ज्या इंजिनात एकच लिटर तेल आहे त्यातलं ३०० मिली जळून गेलं, तर उरलेल्या दोन-तृतीयांश तेलावर सगळा भार येतो. वेळेवर तेल बदलणाऱ्यांचीही इंजिनं जाम होतात, ती बहुतेक वेळा अशी.

डब्यावर काय वाचायचं

पहिली गोष्ट ग्रेड : १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, जो मॅन्युअलमध्ये असेल तो. ‘जुनी झाली, आता जाड टाका’ हा सल्ला सरसकट मानू नका. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनातले तेलाचे मार्ग अरुंद असतात. थंड इंजिनात जाड तेल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचतं, आणि सगळ्यात जास्त झीज त्याच काही सेकंदांत होते.

दुसरी गोष्ट जासो, म्हणजे तेलाचं जपानी मानक. क्लच तेलात बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ हवंच. जासो एमबी हे कमी घर्षणाचं तेल आहे, ते ज्या स्कूटरमध्ये क्लच तेलाबाहेर असतो त्यांच्यासाठी. कारच्या हलक्या, इंधन वाचवणाऱ्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटांवर बसली की क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी मात्र वेग घेत नाही. हा दोष लोक फुल्ली सिंथेटिक तेलावर ढकलतात. सिंथेटिक असण्याचा आणि क्लच घसरण्याचा संबंध नाही. एमए२ चा शिक्का असलेलं सिंथेटिक तेल बिनधास्त वापरा. ट्रकच्या डिझेल इंजिनांसाठीच्या काही तेलांवरही जासो एमए लिहिलेलं असतं, आणि ती बाइकमध्ये व्यवस्थित चालतात.

सिंथेटिक घेतलं म्हणून मुदत दुप्पट होत नाही. उष्णता ते मिनरलपेक्षा चांगली सोसतं, पण साचणारं पेट्रोल, पाणी आणि क्लचची झीज त्यालाही चुकत नाही.

वेगळ्या गिअरबॉक्ससाठी ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असे आकडे दिसतात. ९० म्हणजे भयंकर जाड, असं समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. गरम असताना गिअर ऑइलचा ९० हा इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकाच दाट भरतो. म्हणूनच काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला कंपनीच इंजिन ऑइल सांगते. पाहायचं ते गिअर ऑइलचा वर्ग जीएल-४ की जीएल-५. शाफ्टच्या फायनल ड्राइव्हमध्ये दाते एकमेकांवर जोरात घासतात, तिथे बहुधा जीएल-५ लागतं. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळ किंवा ब्राँझचे बुश असतील तर जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्यं त्या धातूला खाऊ शकतात, तिथे जीएल-४. आणि गिअरबॉक्समध्ये क्लचही बुडालेला असेल तर यांपैकी कोणतंही आपल्या मनाने टाकू नका.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी लावा आणि तीन-चार मिनिटं चालू ठेवा. तेल कोमट हवं. कोमट तेल पातळ असतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर पडतं. लांबून आल्या आल्या काम सुरू केलं तर सायलेन्सरचा पाइप आणि तेल या दोन्हींनी हात भाजतील.

वरचं झाकण किंवा डिपस्टिक आधी सैल करा. हवा आत गेली की तेल भरभर निघतं. मग ड्रेन बोल्टभोवतीची माती ब्रशने साफ करा, खाली पसरट भांडं ठेवा आणि नीट बसणारा रिंग किंवा सॉकेट पाना लावून बोल्ट सोडा. उघड्या तोंडाच्या पान्याने डोकं गोल होतं आणि अर्ध्या तासाचं काम दिवसाचं होतं. शेवटचे दोन-तीन आटे हाताने सोडताना बोल्ट आतल्या बाजूला दाबून धरा, मग एकदम बाजूला घ्या.

दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. गाडी साइड स्टँडवर असेल तर सरळ उभी करून उरलेलं तेल काढा. ड्राय संप असलेल्या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते. तीही रिकामी करायला विसरू नका, नाहीतर निम्मं जुनं तेल आतच राहतं.

निथळेपर्यंत फिल्टर. दर वेळी तेलाबरोबर फिल्टर बदलावा, असं माझं मत आहे. एकाआड एक चालेल असं मॅन्युअल म्हणत असलं तरी जुन्या फिल्टरमध्ये मळकं तेल साचून राहतंच. स्क्रूने लागणारा डबा फिल्टर असेल तर जुन्याची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बोटाने तपासा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. नव्या रिंगेला तेलाचं बोट लावा, हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर मॅन्युअल सांगेल तेवढंच, साधारण पाऊण फेरा, आवळा. झाकणाआडचा कागदी फिल्टर असेल तर तो कोणत्या बाजूने बसला होता आणि स्प्रिंग कुठे होती त्याचा फोटो काढून मगच बाहेर काढा. उलटा बसलेला फिल्टर तेलाची वाट अडवू शकतो. जाळी असेल तर रॉकेलने धुऊन वाळवा.

ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घाला. तांब्या-अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला गेला की दुसऱ्यांदा नीट दबत नाही. बोल्ट आधी पूर्ण हाताने लावा. तिरका जात असेल तर लगेच कळतं. मग टॉर्क रेंच. बहुतेक गाड्यांत हा आकडा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तुमचा नेमका मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिनाचं आवरण अॅल्युमिनियमचं आहे. ‘गळायला नको’ म्हणून अंगाचं वजन टाकून आवळणाऱ्यांनी जितके आटे खाल्लेत, तितके बोल्ट सैल राहून कधी गळले नसतील.

मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशे मिली कमी तेल भरा, झाकण लावा आणि गाडी चालू करा. रेस करू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. नाही विझला तर तात्काळ बंद करा. दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि पातळी बघा. गाडी सरळ उभी हवी. डिपस्टिक आट्यांत फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीत वेगळं असतं. कित्येक गाड्यांत ती नुसती टेकवायची असते, आणि फिरवून मोजली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ड्राय संपच्या गाड्यांची पातळी बहुधा इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच बघायला सांगतात. तेल वरच्या खुणेच्या जरा खाली असलेलं बरं. जास्त भरलं तर ते घुसळून फेसाळतं आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत पोचतं.

वेगळा गिअरबॉक्स, फायनल ड्राइव्ह, स्कूटरची गिअरपेटी

इथे क्रम एकच, पण मोडायचा नाही : आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा, मगच खालचा सोडा. वर्षानुवर्षं न उघडलेला भरायचा बोल्ट गंजून बसलेला असतो, आणि तेल रिकामं केल्यावर ते कळलं तर गाडी जागची हलत नाही.

गाडी थोडी फिरवून आणा, कारण हा कप्पा नुसत्या आयडलवर तापत नाही. तेल काढा, बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर पुसा, नवा वॉशर लावून आवळा. भरायची जागा अडचणीची असते, तेव्हा मोठी सिरिंज आणि नळी घ्या. शेजारी पातळीचा बोल्ट असेल तर गाडी सरळ उभी करून त्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरा. तो नसेल तर मोजून भरा. शंभर मिलीच्या पेटीत वीस मिलीचा फरकही मोठा असतो, आणि जास्त झालेलं तेल सीलमधून ब्रेकपर्यंत येऊ शकतं.

निघालेल्या तेलाकडे बघा

चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील असे चकचकीत तुकडे किंवा दाताचा कण असेल, तर नवं तेल भरून विषय संपत नाही. गिअरबॉक्स उघडावा लागेल. सोनेरी चमक बुशची किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याची असू शकते. पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि पातळी आपोआप वाढलेली असेल तर कार्ब्युरेटरची सुई किंवा इंजेक्टर गळतोय. लिक्विड कूल्ड गाडीत तेल दुधाळ झालं असेल तर कूलंटची पातळीही बघा. तीही उतरली असेल तर वॉटर पंपाचं सील किंवा हेड गॅस्केट गेलंय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. फक्त झाकणाच्या आत पिवळट साय दिसत असेल आणि फेऱ्या छोट्या असतील, तर गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवून पुन्हा बघा.

दोन-स्ट्रोकवाल्यांसाठी एक खास खूण. बाहेर कुठे गळती नाही, तरी गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सरमधून दाट पांढुरका धूर येतोय, म्हणजे क्लचच्या बाजूचं क्रँक सील फुटलंय आणि इंजिन गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळतंय.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट आणि फिल्टरखाली कोरडं फडकं फिरवून गळती तपासा, पातळी पुन्हा बघा. तारीख, मीटरचा आकडा, तेलाचा ग्रेड आणि कोणत्या कप्प्यात भरलं हे सीटखाली चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. बत्तीस हजारांनी येणारी पाळी कोणाच्याही लक्षात राहत नाही. जुनं तेल रिकाम्या डब्यात भरून झाकण घट्ट लावा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या. त्यात कूलंट, ब्रेक फ्लुइड किंवा फिल्टर धुतलेलं रॉकेल मिसळू नका. भेसळ झालेलं तेल पुनर्प्रक्रियेसाठी सहसा घेत नाहीत.